नोंद बंद केल्याची नोंद

जबलपूरच्या राइट टाउनमधल्या ज्या शिक्षणसंस्थेत मी नोकरी करते, तिच्या सगळ्या कॉलेजांची मेल एकाच सर्व्हरवरून ये-जा करते. तो सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. आधी ते आम्हा दोघांचं होतं. माझ्यावर एक सर होते, वयानं बरेच मोठे, माझ्यासारखेच जबलपूरचे मराठी. त्यांचं घराणं अमरावतीकडून आलेलं, आमचं नागपूरकडून. ऑफिसात सगळ्यांशी हिंदी आणि आपसात मराठी, असा आमचा रिवाज होता. तीही अशी मराठी, की पुण्याचा माणूस ऐकून गालात हसेल. "काय करून राहिली?" हा त्यांचा रोज सकाळचा नमस्कार.

आमच्या खोलीत मशीनसाठी बारा महिने एसी चालू असे. त्यामुळे उन्हाळ्यात दुपारच्या डब्याला हमखास एक पाहुणा यायचा, तो म्हणजे आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा ग्रंथपाल. पुढे पुढे तो थंडीतही यायला लागला. तो आणि सर एकमेकांचे डबे न विचारता उघडत. स्वतःचा डबा कोणीच खात नसे. मराठी बोलायला मिळतं म्हणून येतो, असं तो म्हणायचा. पण बोलायचा मुख्यतः आपल्या घराण्याबद्दल. त्याचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. त्यांच्या शाखा सागरला, दमोहला, वर्ध्याला, यवतमाळला पसरल्या होत्या. त्या सगळ्यांना मेल पाठवून तो वंशावळ जुळवत होता. ऑफिसच्या मेलशिवाय त्याचा दुसरा पत्ता नव्हता. सगळी उत्तरं तिथेच यायची.

आता अलर्टबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

कोणाचं खातं कोणी उघडलं, कोणती मेल वाचली, कोणती खोडली, याची नोंद सर्व्हर आपोआप ठेवतो. ऍडमिन म्हणून मी दुसऱ्याचं खातं उघडलं, तर ते त्या नोंदीत माझ्या नावासकट दिसतं. पण ही नोंद चालू ठेवायची की बंद, कोणाची ठेवायची आणि कोणाला वगळायचं, या सेटिंग्जही ऍडमिनच्याच हातात असतात. इंदूरहून ऑडिटर आले, तेव्हा त्यांना आढळलं की एका कॉलेजच्या खात्यांची नोंद कित्येक महिने बंदच पडलेली आहे. कोणी बंद केली, कोणालाच सांगता येईना. बहुधा सर्व्हर अपग्रेड करताना राहून गेलं असावं. ऑडिटरनी शेरा लिहिला: ऑडिटची कुठलीही सेटिंग बदलली, की लगेच जबाबदार माणसांना ईमेल गेली पाहिजे.

सरांना हे फार पटलं. म्हणाले, "चोर आधी कुत्र्याला पोळी टाकते. कुत्रा भुंकला नाही, हे सकाळी कळून काय फायदा? पोळी टाकली की त्याच वेळी कळलं पाहिजे."

काम माझ्याकडे आलं. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो थोड्या थोड्या वेळानं सर्व्हरवर दिलेले हुकूम तपासायचा आणि त्यात ऑडिट सेटिंग बदलणारा एखादा दिसला, की मेल पाठवायचा: काय बदललं, कोणाच्या खात्यातून बदललं, केव्हा बदललं. सगळी नोंदच बंद करणं, एखाद्या खात्याची बंद करणं, जुन्या नोंदी लवकर पुसायला लावणं, हे सगळं त्यात आलं. शिवाय एक सूट असते. "हा माणूस काय उघडतो ते लिहू नका" असं सर्व्हरला सांगता येतं. बॅकअप घेणाऱ्या खात्यासाठी ती सोय आहे, कारण ते सगळ्यांचीच खाती उघडतं आणि नोंदवही नुसती त्यानंच भरून जाते. ती सूटही मी यादीत घातली.

अलर्ट तिघांना जायचा: मला, सरांना आणि रजिस्ट्रारसाहेबांना. पहिली चाचणी फसली. सेटिंग बदलून आम्ही वाट बघत बसलो, मेल येईच ना. शेवटी सापडली ती स्पॅमच्या फोल्डरात. आमच्याच सर्व्हरनं आमचीच सूचना कचरा म्हणून बाजूला टाकली होती. सर इतके हसले, की शेजारच्या अकाउंट्सवाल्या दीदी बघायला आल्या. मग ते दुरुस्त केलं. मेलचा विषय इंग्रजीत होता, तो रजिस्ट्रारसाहेबांसाठी हिंदीत केला: "ऑडिट सेटिंग बदली गई है।" आणि सरांनीच एक नियम घातला. अलर्ट आला, की ज्यानं बदल केला असेल त्यानं तिघांनाही उत्तर लिहायचं, काय केलं आणि काहून केलं.

सुरुवातीला अलर्ट बरेच आले. अपडेट टाकला की यायचे, बॅकअपचं काही बदललं की यायचे. रजिस्ट्रारसाहेब सरकारी कॉलेजातून निवृत्त होऊन आलेले, सज्जन गृहस्थ. एकदा जिन्यात भेटले तर म्हणाले, "मैडम, ये रोज-रोज क्या बदल जाता है?" मी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि कोणाकडून तरी असं करून घेतलं, की या मेल आल्या रे आल्या एका वेगळ्या फोल्डरात जाव्या. ते फोल्डर त्यांनी कधी उघडलं असेल, असं मला वाटत नाही. सरांना हे माहीत होतं, मलाही. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

त्या थंडीत ग्रंथपाल गेला. सकाळी फिरायला निघाला, घराच्या फाटकापाशीच खाली बसला आणि उठला नाही. नर्मदेकाठी ग्वारीघाटावर त्याला पोचवायला आम्ही सगळे गेलो होतो. सर नंतर बरेच दिवस डबा उघडून बसायचे आणि अर्धा तसाच परत न्यायचे.

नियमाप्रमाणे त्याचं खातं मी बंद करून टाकलं. आतलं काही पुसलं नव्हतं, फक्त कुलूप लावलं होतं. त्याची बायको, तिला मी काकू म्हणायचे, सरांना भेटायला आली. वंशावळीचं काम ह्यांचं अर्धवट राहिलं आहे, ते मला पुरं करायचं आहे, तेवढ्या मेल काढून द्या, असं तिचं म्हणणं. सरांनी रजिस्ट्रारसाहेबांना तोंडी विचारलं. साहेब म्हणाले, वकिलाला विचारून सांगतो. ते विचारणं लांबत गेलं. काकू फोन करायची. सर "हो वहिनी, होऊन राहिलं, होऊन राहिलं" म्हणायचे आणि फोन ठेवून खिडकीबाहेर बघत बसायचे.

मग एका दुपारी, मी एका कॉलेजात प्रिन्सिपॉलसाहेबांचा प्रिंटर बघत होते, तेव्हा फोनवर अलर्ट आला. नोंदीतून एका खात्याला सूट दिली होती. खातं सरांचं होतं. सूट देणारंही खातं सरांचंच.

मला आधी वाटलं की चुकून झालं असेल, बॅकअपच्या खात्याऐवजी स्वतःचं नाव पडलं असेल. उत्तर येईल म्हणून थांबले. उत्तर आलं नाही. दुसरा अलर्ट आला, सूट काढून घेतल्याचा. म्हणजे मधल्या वेळात सरांनी जे काही उघडलं, वाचलं, त्याची नोंद कुठेच झालेली नव्हती. मी प्रिंटर तसाच सोडला आणि स्कूटरवर परत आले.

सर जागेवर होते. समोर चहा होता, त्यावर साय धरली होती. मी खुर्ची ओढून बसले.

"सर, अलर्ट आला."

"हो," ते म्हणाले. "मलाही आला."

"काकूंसाठी त्याचं खातं उघडलं का?"

त्यांनी चहावरची साय बोटानं बाजूला केली. मग म्हणाले, "वहिनीचा सकाळी फोन आला होता. रडून राहिल्या होत्या. म्हटलं, काढून देतो. मग मनात आलं की आपण सगळं तसंच्या तसं त्यांच्या हातात देणार. त्यात भलतंसलतं काही असलं तर? माणसाचं काय सांगता येतं? कोणाशी भांडला असेल, कोणाला काही लिहिलं असेल, बायकोनं वाचू नये असं. म्हटलं, आधी आपण बघून घ्यावं."

"काय होतं?"

"काही नव्हतं गं. पुस्तकांच्या याद्या. प्रकाशकांशी घासाघीस. यवतमाळच्या भावाला लिहिलंय की इकडे मटार निघाला, ये खायला. बस."

"मग नोंद काहून बंद केली? उघडायचंच होतं तर सरळ उघडायचं. साहेबांना नंतर सांगितलं असतं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्याच्या नावासमोर माझं नाव लागलं असतं ना. उद्या कोणी काढून बघितलं असतं, हा माणूस त्याच्या खात्यात शिरून एक-एक मेल वाचत बसला. तो होता तेव्हा मी त्याचा डबा न विचारता उघडत होतो. आता तो नाही, तर मी त्याच्यावर शंका घेऊन त्याचं खातं उघडलं. हे लिहिलेलं राहू नये, असं वाटलं."

मला त्यांचं म्हणणं कळलं. त्याच वेळी मला हेही दिसत होतं, की रजिस्ट्रारसाहेबांच्या त्या फोल्डरात दोन मेल पडल्या आहेत आणि त्या कोणी वाचणार नाही. म्हणजे जे काही ठरायचं, ते या टेबलावर ठरायचं होतं. सरही बहुधा तेच मोजत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी म्हटलं, "उत्तर लिहा सर. नियम तुमचाच आहे."

"आज लिहू?"

"आजच लिहा. आणि साहेबांना जाऊन भेटा. नाहीतर मला भेटावं लागेल."

शेवटचं वाक्य बोलायचं मी ठरवलेलं नव्हतं. बोलून गेले. सरांनी चष्मा परत घातला, कीबोर्ड पुढे ओढला आणि लिहिलं. हिंदीत चार ओळी: स्वतःच्या खात्याला नोंदीतून सूट दिली, दिवंगत ग्रंथपालांचं खातं उघडलं, मेल वाचल्या, सूट परत काढली, परवानगी घेतली नव्हती. कारण मात्र लिहिलं नाही. मी म्हटलं, कारणही लिहा ना. म्हणाले, "ते लिहिण्यासारखं नाही." मग उठून वरच्या मजल्यावर गेले.

थोड्या वेळात परत आले. रजिस्ट्रारसाहेबांनी ऐकून घेतलं म्हणे आणि म्हणाले, "अरे, आपके दोस्त थे, देख लिया तो क्या हुआ? आप दोनों आपस में समझ लीजिए।" आणि त्यांनी खोवा जलेबी मागवली, कारण त्यांच्या नातवाचा वाढदिवस होता. सर जलेबीचा एक द्रोण माझ्यासाठीही घेऊन आले होते. आम्ही ती खाल्ली. मला वाटलं, संपलं.

ते संपलं नव्हतं. पुढच्या फेरीत ऑडिटर आले, तेव्हा त्यांनी सगळ्यांत आधी अलर्टच मागितले. आले किती, कोणत्या कामाचे, प्रत्येकाला उत्तर आहे का. मी सगळे काढून दिले. या वेळी एक तरुण बाई होती, शांत, मान खाली घालून वाचणारी. ती त्या दोन अलर्टपाशी थांबली. सरांचं उत्तर तिनं पुन्हा वाचलं.

"इस पर क्या कार्रवाई हुई?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, रजिस्ट्रारसाहेबांना सांगितलं होतं.

"वो तो सूचना हुई। कार्रवाई?"

मी नकारार्थी मान हलवली. तिनं लिहून घेतलं. तिच्या आवाजात राग नव्हता, की उत्साहही नव्हता. अहवाल मॅनेजमेंटकडे गेला, मॅनेजमेंटनं कमिटी नेमली. कमिटीत सरांना कारण विचारलं, तेव्हाही त्यांनी ते सांगितलं नाही. काकूंना मदत करायची होती, इतकंच म्हणाले. ते खरंही होतं. मला बोलावलं, तेव्हा जे घडलं ते मी सांगितलं. डब्याचं बोलणं सांगितलं नाही. ते कोणी विचारलंही नाही.

सरांचे ऍडमिनचे अधिकार काढून घेतले. निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते, तेवढे दिवस त्यांना परीक्षा विभागात बसवलं. अधिकार काढायचं काम अर्थात माझ्याकडेच आलं. मी ते केलं, तेव्हा सर शेजारीच उभे होते, हातात टेबलावरच्या वस्तूंची पिशवी घेऊन. पडद्यावर बघून म्हणाले, "बॅकअपच्या ग्रुपमध्ये नाव राहिलं बघ माझं." मी तेही काढलं. मग ते "चलो" म्हणाले आणि गेले. डबा खायला पुन्हा आमच्या खोलीत आले नाहीत. मीही बोलावलं नाही. बोलवायला हवं होतं की नव्हतं, हे मला आजही नीट ठरवता येत नाही.

या सगळ्या भानगडीत एक झालं, वकिलाचं उत्तर आलं. काकूनं रीतसर अर्ज द्यावा, ऑफिसच्या दोन माणसांसमोर घरगुती मेल तेवढ्या काढून द्याव्यात, बाकी बंद ठेवावं. त्याप्रमाणे काकू आली. मी आणि अकाउंट्सवाल्या दीदी तिच्या दोन्ही बाजूंना बसलो. खातं मी उघडलं. या वेळी नोंद झाली, माझ्या नावानं.

काकू पडद्याच्या फार जवळ जाऊन वाचायची. सागरच्या कुणा काकांची मेल आली, की म्हणायची, "हे घ्या, हे घ्या." पुस्तकांच्या याद्या आल्या, की स्वतःच म्हणायची, "हे तुमचं, राहू द्या." मधेच तिनं विचारलं, "सर नाही दिसून राहिले? त्यांनीच तर इतकी धावपळ केली."

"त्यांची बदली झाली, परीक्षा विभागात," मी म्हटलं.

"अच्छा. बढती मिळाली का?"

दीदींना मराठी बोलता येत नाही, पण कळतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही, साधीच बदली." काकू पुन्हा वाचायला लागली.

शेवटी ड्राफ्टमध्ये एक मेल निघाली, न पाठवलेली. वर्ध्याच्या एका चुलतभावाला लिहिलेली. तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीचं माहेरचं नाव काय, आणि त्या कोणत्या गावी दिल्या होत्या, एवढं कळवा, म्हणजे दमोहची फांदी जोडता येईल. खाली नाव लिहायचं राहिलेलं.

"हे पाठवून देता येईल?" काकूनं विचारलं.

"त्यांच्या खात्यातून नाही पाठवता येणार, काकू."

"बरोबर आहे. त्या माणसाला कसं वाटेल, नाही का? गेलेल्या माणसाची मेल आली तर." तिनं पर्समधून फोन काढला. "मग मी माझ्या फोनवरून पाठवू? हेच शब्द?"

मी मजकूर तिला दिला. तिनं तिथेच बसून, एका बोटानं, वर एक ओळ जोडली: "हे तुम्हाला विचारणार होते." आणि खाली आपलं नाव घातलं. पत्ता चुकलेला होता, दीदींनी सांगितलं, मग दुरुस्त करून पाठवली. जाताना तिनं आम्हा दोघींच्या हातावर तिळाचा एकेक लाडू ठेवला. वर्ध्याहून उत्तर आलं की नाही, मला कळलं नाही.

सरांच्या निरोपसमारंभाला मी गेले. हार, शाल, रजिस्ट्रारसाहेबांचं भाषण, सगळं झालं. सामोसे वाटणं चाललं होतं, तेव्हा सर बशी घेऊन माझ्याजवळ येऊन उभे राहिले. बऱ्याच दिवसांनी आम्ही मराठीत बोललो.

"एक विचारू?" ते म्हणाले. "त्या दिवशी तू साहेबांकडे खरंच गेली असतीस?"

"हो."

"मला वाटलं होतं, नाही जाणार." बशीतला सामोसा त्यांनी मोडला, पण खाल्ला नाही. "माझ्या जागी कोणी दुसरा असता, तर मीही हेच केलं असतं जे तू केलंस. शंभर टक्के. तरी वाईट वाटलं. दोन्ही खरं आहे."

मी म्हटलं, "मला कळतं, सर."

"कळतं ना? बस." मग त्यांनी विचारलं, "आता अलर्ट कोणाकोणाला जाते?"

मी सांगितलं. ऑडिटरबाईच्या सूचनेवरून त्यांच्या जागी अकाउंट्सवाल्या दीदींचं नाव घातलं होतं. त्यांच्याकडे सर्व्हरचे कुठलेच अधिकार नाहीत, म्हणून. आणि त्या प्रत्येक अलर्ट वाचतात, एक शब्द समजला नाही तरी उठून माझ्या टेबलापाशी येतात.

"चांगलं केलं," सर म्हणाले. "त्या सोडणार नाहीत तुला."

एवढ्यात त्यांच्या मिसेसनी त्यांना फोटोसाठी हाक मारली. मला बड़ा फुहाऱ्याचा बाजार गाठायचा होता, भाचीच्या लग्नाचं कापड शिवायला टाकायचं होतं आणि टेलर संध्याकाळी लवकर दुकान बंद करतो. मी बशी ठेवली, त्यांच्या मिसेसना नमस्कार केला आणि स्कूटर काढली.